पितृपक्षातलं शूटिंग

लग्न रोह्यात होतं. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली आणि माझ्या मागून कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं, "थांबा, थांबा! अंतरपाट पुन्यांदा धरा!"

मी व्हिडिओ शूटिंग करत होतो. त्या काळी आमच्या भागात कॅमेरे मोजकेच, त्यातला एक माझ्या खांद्यावर. भटजींचा हात हवेत तसाच राहिला. वधूच्या मामाला वाटलं, मुहूर्त चुकला. नवऱ्याच्या आईने तर डोळ्यांना पदरच लावला. ओरडणारा माणूस मात्र निवांतपणे गर्दीतून वाट काढत पुढे आला. पन्नाशीचा, बुटका, भुवयांत पांढरी पावडर आणि कानावर पेन्सिल ठेवावी तसा बारीक ब्रश. मुलीचे लांबचे काका लागत होते, पेणहून आले होते. मला म्हणाले, "नवरदेवाच्या तोंडावर खांबाची सावली व्हती. तुला दिसली नाय? जल्मभर पोरगा अर्ध्या तोंडाचा दिसंल."

चार जणांनी त्यांना दंडाला धरून पंगतीत नेऊन बसवलं. संध्याकाळी घरी कॅसेट लावून बघितली, तर नवरदेवाचं अर्धं तोंड खरंच काळं. मला त्यांचा इतका राग आला की विचारू नका. चूक दाखवणारा माणूस बरोबर निघाला की त्याचा जास्तच राग येतो.

पेणमध्ये त्यांचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागची लांबलचक पडवी, वर कौलं आणि खाली दाटीवाटीने उभे राहिलेले शेकडो गणपती. पेणेत असे कारखाने गल्लोगल्ली आहेत, पण कारखान्यापेक्षा पिक्चरमध्ये जास्त जीव असलेला मालक एवढा एकच. चोऱ्या, पाठलाग, तिजोऱ्या, बोगदे असला पिक्चर लागला की काका पहिल्या खेळाला हजर. आणि गप्प बसायचे नाहीत. "मघाशी घड्याळ डाव्या हातात व्हता, आता उजव्या हातात कसा आला?" असं भर थिएटरात मोठ्याने विचारायचे. डोअरकीपरने एकदा हात जोडून सांगितलं, काका, फुकट बसा, पण बोलू नका. काका म्हणाले, "तिकीट काढतो ते बोलायलाच. नायतर बघायला काय, घरी पण बघतो."

त्यांची आणखी एक सवय. गणेशचतुर्थी उलटली की काही मूर्ती विकल्या न जाता उरायच्या. दुसरे कारखानदार त्या प्लास्टिकखाली झाकून मोकळे व्हायचे. काका प्रत्येकीसमोर उभे राहून म्हणायचे, "यंदा घर नाय गावला तुला. माझीच चूक, सोंड जरा जाड झाली. पुढल्या वर्षी बघू." आणि हाच माणूस भेगाळलेली, कान तुटलेली मूर्ती दिसली की हातोडीने दोन घावांत तिचा चुरा करायचा, तोही शिळोप्याच्या गप्पा मारत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तर मला म्हणाले, "अरे, कारखान्यात माल, घरात देव. मधल्या रस्त्यात कवा काय होतं ते आपल्याला नाय ठाव. आपण मालाचे मानूस."

त्या लग्नानंतर काही महिन्यांनी ते रोह्याला माझ्या दुकानात आले. मला धडकीच भरली, म्हटलं आता काय चुकलं! पण काकांनी बाकड्यावर बसून विचारलं, "पितृपक्षात काय करतोस?"

"माश्या मारतो," मी म्हणालो. पितृपक्षात कोण लग्न करतंय?

"मी पण. गणपती गेले की माझा कारखाना पण झोपतो. चल, पिक्चर काढू."

पिक्चर लहान मुलांचा होता. गोष्ट त्यांनी बसल्या बसल्या मला सांगितली, सगळ्या पात्रांचे आवाज काढून. गावदेवीचा चांदीचा टोप चोरीला जातो. चोर असतो गावातलाच एक बडा माणूस. पोलीस घराघरांत शोधतात, पण टोप सापडत नाही. कारण तो त्याने आपल्याच घरच्या गणपतीच्या पोकळ पोटात दडवलेला असतो. देवाची झडती कोण घेणार? हे ओळखतात तीन मुलं. गणपतीच्या कारखान्यातली मुलं असल्यामुळे त्यांना मूर्ती आतून पोकळ असते हे ठाऊक असतं. त्याच साच्यातून काढलेली दुसरी मूर्ती घेऊन ती चोराच्या घराची कौलं काढून आत उतरतात आणि मूर्तींची अदलाबदल करतात. खरा टोप गावात परत येतो, त्या गणपतीचं वाजतगाजत विसर्जन होतं. आणि शेवटी चोर घरातली मूर्ती हातोडीने फोडतो, तर आतून पडतो एक मातीचा मोदक.

"मोदक माझ्या बायचा," काका म्हणाले. "तिनं सुचवला. बाकी सगला मी चोरलेला हाय, हिकडून तिकडून. पन मोदक तिचा."

बाय म्हणजे त्यांची मुलगी, अकरा वर्षांची. आई ती लहान असतानाच गेलेली. पेणेतल्या कारखान्यांतल्या मुलांना मे महिन्याची सुट्टी नसते. शेजारची मुलं चिंचा पाडायला जात, तेव्हा बाय पडवीत मांडी घालून पीतांबरांच्या कडांना सोनेरी रंग लावत असे. हट्ट नाही, रडणं नाही. काकांना तेच डाचायचं. "पोर काय मागतच नाय रे," असं ते मला कितीदा तरी म्हणाले. एकदा पिक्चर बघून येताना ती त्यांना म्हणाली होती, सगळ्या पिक्चरात पोरांना मोठी माणसं वाचवतात, एका तरी पिक्चरात पोरांनीच जिंकायला पाहिजे. एवढ्या एका वाक्यावर या माणसाने पिक्चर काढायला घेतला. दसऱ्याला आळीतल्या सगळ्यांना टीव्हीवर दाखवतो, असा शब्द त्यांनी तिला दिला.

मी रोज सकाळी रोह्याहून पेणला जायचो. आमच्याकडे एडिटिंगचं मशीन नव्हतं, त्यामुळे गोष्ट जशी घडते तशीच, ओळीने, पहिल्यापासून शेवटापर्यंत शूटिंग करायचं. एखादा शॉट चुकला की कॅसेट मागे घ्यायची आणि त्याच्यावरच पुन्हा घ्यायचं. पुढचं आधी नाही की मागचं नंतर नाही. काकांना ही पद्धत फार आवडली. म्हणाले, "हे मूर्तीसारकाच हाय. पाय नाय तर पोट नाय."

बायच्या जोडीला कारखान्यातल्या एका कामगाराची दोन मुलं होती. थोरला धीट, धाकट्याला कॅमेरा दिसला की हसू फुटायचं. चोराचं काम करायला एस.टी.चे एक कंडक्टर मिळाले, पेण–अलिबाग गाडीवरचे. मिशा अशा होत्या की त्यांना चोर म्हणून वेगळं सांगावं लागत नव्हतं. माणूस मात्र गायीसारखा गरीब. बायवर ओरडायचा प्रसंग आला की आधी तिला म्हणायचे, "बाय, रागावू नको हां." कौलं काढायचा शॉट त्यांच्याच घरावर घेतला. त्यांची बायको माहेरी गेली होती, ती नेमकी त्याच दिवशी परत आली. स्वयंपाकघरातून वर बघते तो छपरातून तीन पोरं लोंबकळतायत आणि नवरा खाली गादी धरून उभा. ती जे बोलली ते सगळं कॅसेटमध्ये आलं. काका म्हणाले, राहू दे, चोराची बायको अशीच बोलणार.

आठवड्याभरात पिक्चर इतका रंगात आला की मी घरी गेल्यावरसुद्धा त्याचाच विचार करत बसे. बाय बदलली होती. तीच मुलगी आता कमरेवर हात ठेवून आम्हाला सांगायची, "काका, मी हितून नाय येणार, मी तिकडून येणार." आणि तिचे वडील लगेच म्हणायचे, "तिकडून." जगात तेव्हा त्या माणसाइतका सुखी कुणी नसेल.

राहिलं होतं विसर्जन आणि मूर्ती फोडण्याचा शेवट.

विसर्जनाला काकांना खाडी हवी होती. वडखळच्या पुढे खाडीकाठच्या एका गावात त्यांच्या ओळखी होत्या. मिठागरातली माणसं, पावसाळ्यात त्यांनाही काम नसतं. सगळं गाव हौसेने तयार झालं. काकांनी एका साच्यातल्या दोन्ही मूर्तींचे डोळे स्वतः आखले होते. एक मूर्ती टेम्पोतून नेली, दुसरी, मोदकवाली, पेणला ठेवली. विसर्जन फक्त दाखवायचं, असा बेत होता. गुडघाभर पाण्यापर्यंत जायचं, कॅमेरा बंद, मूर्ती परत टेम्पोत. पुढच्या वर्षी रंगाचा एक हात मारून विकता आली असती. कारखान्यात माल, हे त्यांच्या अंगात एवढं मुरलेलं होतं.

आणि तिथे त्यांनी स्वतःच घोळ घातला. बायका लाजून नुसते ओठ हलवायला लागल्या, तेव्हा ते ओरडले, "खोटा खोटा नको! आरती खरी म्हणा! कॅमेऱ्याला आयकू येतं!"

गावाने आरती खरी म्हटली. घरच्या गणपतीला म्हणतात तशी, टाळ्या, झांजा, घामाघूम होऊन. काही बायकांनी येतानाच पदराखाली झाकून निवद आणला होता, देवाला रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. एका म्हातारीने हळदकुंकू वाहिलं, दूर्वा ठेवल्या, मूर्तीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलली आणि डोळे पुसले. मी ते सगळं घेतलं. मला वाटलं, काय नामी काम करतायत लोक!

गुडघाभर पाण्यात काका म्हणाले, "कट! आना मागं."

कुणी हललं नाही. ती म्हातारी पुढे झाली. "मागं कुटं?"

"टेम्पोत, आजे. झाला शूटिंग."

"आरती झाली, निवद झाला, मी गाऱ्हाना घातला त्याला. आता मागं नेतोस?"

"आजे, तो शूटिंगचा गणपती हाय. माल हाय माझा."

"डोले कोनी आखले त्याचे?"

"मी."

"मंग बघतोय ना तो? आन आयकतोय पन. पितरांचे दिस हायत, यात देव उठवलास तू. त्याला आता पोचवशील का फडक्यात गुंडालून ठेवशील?"

काका बराच वेळ भांडले. इतकी वर्षं हेच करतो, मला शिकवता काय, असंही म्हणाले. मग त्यांनी मूर्तीकडे बघितलं. आतापर्यंत पाठमोरे होते, आता समोरून बघितलं. कपाळावर कुंकू, सोंडेवर ओली दूर्वा, ओठांना निवदाचा गूळ. मी त्यांचा चेहरा बघत होतो. त्यांनी आपल्या हाताने आखलेले हजारो डोळे ट्रकमध्ये चढवले होते, पण त्यांच्यापुढे कुणी रडताना त्यांनी कधी बघितलंच नसावं. चतुर्थीच्या दिवशी ते दमून झोपलेले असायचे.

त्यांनी मूर्ती कुणाला दिली नाही. स्वतःच छातीभर पाण्यात गेले आणि सोडली. बाय काठावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, हे सगळं पिक्चरमध्येच आहे.

दुसऱ्या दिवशी पडवीत शेवटचा शॉट. मूर्ती चौरंगावर, बाय आणि दोन मुलं खिडकीबाहेर. कंडक्टर हातोडी घेऊन आले आणि त्यांनी ती खाली ठेवली. "मला नाय जमणार. रोज गाडीवर असतो मी, मागं पन्नास मानसं बसलेली असतात. देव कोपला तर?" काका म्हणाले, बरं, फक्त हात दाखवू, मी मारतो. त्यांनी कंडक्टरचा खाकी शर्ट घातला. मी कॅमेरा हातांवर लावला. हातोडी वर गेली. वरच राहिली.

याच हातांनी कालपरवापर्यंत गप्पा मारता मारता मूर्तींचा चुरा केला होता. ती त्यांची कला म्हणा, धंदा म्हणा, एका दिवसात त्यांच्या हातातून गेली. मी तीनदा कॅसेट मागे घेतली. शेवटी त्यांनी हातोडी कोनाड्यात ठेवली आणि म्हणाले, "आज नको."

मी म्हटलं, काका, मडकं फोडून नुसता आवाज घेऊ, मूर्ती दाखवूच नका. ते म्हणाले, "लग्नात नवरीच्या जागी लाटणा उभा करशील काय?" मी म्हटलं, बिनरंगाची, बिनडोळ्यांची एखादी घेऊ. म्हणाले, "मग तो ह्यो नाय ना."

खिडकीतून बायचा आवाज आला. "बाबा, आतमधी माझा मोदक हाय."

"ठाव हाय गो."

"तुमी तर रोज फोडता."

"तो माल असतो, बाय."

"मग ह्यो काय हाय?"

काका खाकी शर्टाची बटणं काढायला लागले. मला आजही त्यांच्यासाठी वाईट वाटतं. तिने आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, तीही तिथे, आतमध्ये, हाताच्या अंतरावर होती.

दसऱ्याला टीव्ही पडवीत मांडला. सगळी आळी जमली. काय हसले लोक, काय शिट्ट्या मारल्या! कंडक्टरच्या बायकोच्या शिव्यांना तर टाळ्या पडल्या. विसर्जनाला म्हाताऱ्यांनी बसल्या जागी हात जोडले. मग पडद्यावर हातोडी वर गेली आणि शूटिंग संपून एकदम नुसत्या मुंग्या आल्या. पोरं ओरडली, "पुढं? पुढं?" काका उठून टीव्हीसमोर उभे राहिले आणि पुढचं त्यांनी तोंडाने सांगितलं. चोर झाले, मुलं झाले, हातोडी झाले. मोदक कसा घरंगळत चोराच्या पायाशी आला, ते पाटावर बोटं नाचवून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायने पण वाजवल्या, सगळे थांबल्यावरही थोडा वेळ आणखी. ती शहाणी मुलगी होती. तिने तसं केलं नसतं, रडली-भांडली असती, तर बरं झालं असतं असं मला फार वाटतं.

मला गाडीवर सोडायला आले तेव्हा काका म्हणाले, "पुढल्या पितृपक्षात ये. तवर माझा हात सुधरतो. साचा हाय, मूर्ती हाय, पोरं हायत. जातंय कुटं?"

आता काका नाहीत. त्या कॅसेटला बुरशी लागली, मुंबईला नेऊन दाखवली, तिथला माणूस म्हणाला काही निघणार नाही. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं तर मी लोकांना अंतरपाटाचा किस्सा सांगतो आणि लोक हसतात. पुढचं सांगत नाही.

पुढच्या वर्षी मी गेलो होतो. पितृपक्ष लागल्या लागल्या गेलो. काका दारातच उभे होते, खाकी शर्ट घालून. "वरीसभर इचार केला," म्हणाले. "पोरीचा शब्द हाय. देवाला सांगितला मी, तू समजून घे. आता मारतो." मूर्ती चौरंगावर तयार होती. त्यांचा हात खरंच स्थिर होता, मी बघितला.

पण थोरला आला नव्हता. तो डोलवीला कंपनीत लागला होता, कंत्राटदाराकडे, शिफ्ट चुकवता येत नव्हती. धाकटा आला. तोंड उघडलं तर आवाज फुटलेला, घोगरा. काका म्हणाले, "तू बोलू नको, नुसता उभा रा." मग बाय आली. तिने पिक्चरमधला निळा फ्रॉक घातला होता. बाह्या दंडात काचत होत्या. केसांच्या दोन वेण्या घातल्या होत्या, तशा ती आता घालत नव्हती हे दिसत होतं. हातातली पुस्तकं तिने जोत्यावर ठेवली आणि मला हळूच म्हणाली, "काका, घ्या शूटिंग. बाबांना बरं वाटंल."

शॉट असा होता की चोर हातोडी उचलतो आणि बाय खिडकीतून बघते. गेल्या वर्षी ती टाचा उंच करून, गजांना धरून बघायची, फक्त डोळे आणि कपाळ दिसायचं. आता ती खिडकीबाहेर उभी राहिली तर हनुवटीपर्यंत दिसायला लागली. काका कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाले, "बाय, जरा खाली." ती वाकली. "अजून जरा." ती गुडघ्यांत वाकली, मान खाली घातली आणि गेल्या वर्षी पाठ केलेलं पिक्चरमधलं वाक्य म्हणाली, तसंच, लहान मुलीच्या आवाजात, आवाज मुद्दाम बारीक करून.

काकांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला. हातोडी शेजारीच होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. खिडकीकडे बघत राहिले. ती अजून तशीच वाकून उभी होती, पुढचं कधी म्हणू, अशी वाट बघत.

"राहू दे, बाय," ते म्हणाले. "आज उजेड नाय."

"व्हय, बाबा," ती म्हणाली आणि सरळ उभी राहिली. अंगणात भाद्रपदाचं ऊन लख्ख पडलं होतं. ती डोळे बारीक करून त्यातून चालत गेली आणि कपडे बदलून पुस्तकं घेऊन शिकवणीला निघून गेली.